गारठलेल्या पिल्लाला आधी ऊब, मग दूध

डिसेंबर-जानेवारीत पुण्यात रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली उतरला की सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा एखाद्या जिन्याखाली मांजराची चार-पाच दिवसांची पिल्ले सापडतात, आणि ती उचलणाऱ्याच्या हातात कोणीतरी तत्परतेने दुधाची वाटी देते. ती वाटी परत करावी.

पिल्ले उबदार असून शांत झोपली असतील, तर दोन-तीन तास दुरून आईची वाट पाहावी. थंडगार, मलूल पिल्लू मात्र तत्काळ घरात आणावे. पुठ्ठ्याचा खोका, जुनी गोधडी, गरम पाण्याची पिशवी आणि डिजिटल थर्मामीटर एवढे साहित्य पुरते.

खरी कसोटी पुढे आहे. या वयाच्या पिल्लाला कुडकुडून ऊब निर्माण करता येत नाही. अंगातील थोडी तपकिरी चरबी (जी जळून ऊब देते) आणि आई-भावंडांची कूस एवढाच त्याचा आधार असतो. पहिल्या आठवड्यात गुदद्वारी मोजलेले तापमान साधारण ३५ ते ३७ अंश सेल्सिअस असावे. ते ३४च्या आसपास किंवा खाली गेले की आतड्यांची हालचाल मंदावते, पाजलेले दूध पोटात तसेच साचते आणि उलटून फुप्फुसात जाऊ शकते. अशी पिल्ले सांभाळायला लागल्यावरच्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी हीच चूक केली: पिल्लू भुकेने निपचित पडले आहे असे समजून ड्रॉपरने दूध पाजले, आणि पहाटेपर्यंत ते गेले. ते भुकेले होते हे खरे, पण त्याआधी ते गारठलेले होते.

ऊबही घाईने देऊ नये. एकदम शेकल्यास कातडीतील रक्तवाहिन्या पसरतात आणि आधीच थकलेल्या हृदयावर ताण येतो. म्हणून एक ते तीन तास लागू द्यावेत. पिशवी जाड फडक्यात गुंडाळून खोक्याच्या अर्ध्याच भागात ठेवावी, कारण उकडू लागल्यावर पिल्लाला सरकायला जागा हवी. डोक्यावर बल्ब टांगण्याचा सल्ला मला अजिबात मान्य नाही. त्याने पिल्लू भाजते किंवा कोरडे पडते. सर्वांत खात्रीची जागा म्हणजे स्वेटरच्या आत, स्वतःच्या पोटाशी.

तापमान ३५च्या वर स्थिरावले की मांजराच्या पिल्लांसाठीचे तयार दूध, गाईचे नव्हे, कोमट करून पालथ्या स्थितीतच पाजावे.

पहिल्या आठवड्यात खोक्यात सुमारे ३० अंश ऊब ठेवावी आणि चौथ्या आठवड्यापर्यंत ती हळूहळू कमी करत न्यावी. थंडीत राहिलेल्या पिल्लाचे अन्न वाढीऐवजी ऊब राखण्यातच खर्ची पडते, म्हणून स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर रोज सुमारे १० ग्रॅमची वाढ दिसायला हवी. रात्री उठून पाहिल्यावर पिल्ले एकमेकांवर चढून रडत असतील तर पिशवीतील पाणी बदलावे, दूरदूर पसरून धापा टाकत असतील तर पिशवी काढून घ्यावी.