"एखादी मस्त कादंबरी सांगा ना, रडकी नको" असं कुणी म्हणलं तर काय करायचं

परवा लातूरच्या गंजगोलाईत, म्हणजे आमच्या बाजारात, साबुदाणा घेत उभा होतो तर मागून एक ओळखीच्या काकू, "अहो तुम्ही वाचता ना, एखादी चांगली कादंबरी सांगा की, पण रडकी नको बाबा, ते घरी काय कमी आहे का." हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतोच. आधी मी तोंडाला येईल ते नाव सांगून मोकळा व्हायचो आणि पुस्तकं न वाचताच परत यायची, काही तर परत पण आली नाहीत. मार खाऊन खाऊन आता थोडं जमायलंय, म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट, "कोणत्या टाईपचं आवडतं?" हे विचारूच नका. लोक "काहीपण चालतं" म्हणतात आणि काहीपण कधीच चालत नसतं. त्याच्यापेक्षा विचारा की शेवटचं कोणतं पुस्तक अर्धवट सोडलं आणि का सोडलं. काकूंना विचारलं तर म्हणल्या, "लई माणसं होती त्याच्यात, कोण कुणाचा जावई तेच कळंना." झालं की, मला पाहिजे ते मिळालं. कमी पात्रं, छोटे चॅप्टर, आणि दुपारी कूलरपुढं पडून वाचताना झोप लागली तरी पुढचा धागा सुटू नये असं काहीतरी.

दुसरं म्हणजे "उभारी देणारं" म्हणलं की आपली लोकं यशाचे दहा मंत्र छाप पुस्तक हातात ठेवतात. ते वेगळं. ज्याला कादंबरी पाहिजे त्याला भाषण नको असतं. आणि आपल्या भागाची आहे, गाजलेली आहे म्हणून रा. रं. बोराड्यांची पाचोळा पण अशा माणसाला देऊ नका. १९७१ ची आहे, जबरदस्तच आहे, पण गावातल्या एका शिंप्याच्या घराची वाताहत आहे ती, मन हलकं करायला निघालेल्या माणसाच्या छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं.

आता माझी चूक सांगतो. फ्रेडरिक बॅकमन म्हणून स्वीडनचा लेखक आहे, त्याची २०१२ ची कादंबरी, इंग्रजीत नाव अ मॅन कॉल्ड ओव्ह. एकोणसाठ वर्षांचा खडूस माणूस, रोज सकाळी कॉलनीत चक्कर मारून कुणाची गाडी चुकीच्या जागी लागलीय ते बघणार, साब सोडून दुसरी गाडी घेणाऱ्याला माणसात न धरणारा. असला एक नमुना आपल्या प्रत्येक कॉलनीत असतोच, मी तर हसून हसून बेजार झालो होतो. म्हणून आमच्या गल्लीतल्या एका रिटायर काकांना दिली, इंग्रजी चांगलं त्यांचं. "लई हसाल" म्हणून दिली. आठ दिवसांनी पेपरचं कव्हर घालून परत आणून दिली, म्हणले, "हे राहू द्या." मग माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. बायको गेल्यावर हा ओव्ह आयुष्य संपवायचं ठरवून बसलेला असतो आणि पुस्तकात ते परत परत येतं. काकांच्या सख्ख्या भावानं शेतात तसंच केलेलं, मला माहीत होतं, आणि तरी मी विसरलो. शेवट किती का गोड असेना, त्या माणसाला तिथवर जायचंच नव्हतं. आपल्याकडं किती घरात हे झालंय तुम्हाला मी काय सांगू, तर पुस्तक देण्याआधी त्याच्यात कोण कसं मरतं ते एकदा आठवून बघा आणि सरळ सांगून टाका. स्पॉयलर झाला तर झाला.

हेच रेचल जॉईसच्या द अनलाइकली पिल्ग्रिमेज ऑफ हॅरॉल्ड फ्राय या कादंबरीचं, ती पण २०१२ चीच. आजारी मैत्रिणीला पत्र टाकायला निघालेला म्हातारा पहिल्या डब्यात टाकत नाही, पुढच्या डब्यात टाकू म्हणतो, आणि तसाच चालत चालत पार इंग्लंडच्या दुसऱ्या टोकाला निघतो, सहाशेच्या वर मैल, पायात चालायचे बूट नाहीत, फोन घरीच राहिलेला. आपल्याकडं हे पटवायला काहीच लागत नाही, आषाढात पंढरपूरला पायी गेलेल्या माणसाला दोन वाक्यात कळतं. पण ज्या घरातलं तरुण पोर गेलंय तिथं ही नको.

सांगायची पद्धत पण महत्त्वाची. पूर्ण स्टोरी सांगू नका, सुरुवातीची भानगड तेवढी सांगा. रिचर्ड ऑस्मनची द थर्सडे मर्डर क्लब, २०२० ची. मी आधी सांगायचो "वृद्धाश्रमातल्या चौघांची गोष्ट आहे", लगेच समोरच्याचा चेहरा पडायचा, कारण वृद्धाश्रम म्हणलं की पोरांनी टाकून दिलेले आईबापच दिसतात आपल्याला. आता म्हणतो, "चार म्हातारे दर गुरुवारी बसून पोलिसांना न सुटलेले जुने खून सोडवतात, आणि एक दिवस त्यांच्याच दारात ताजा खून पडतो." पुस्तक तेच, पण आता पटकन हात पुढं येतो. भाचीनं क्लासच्या टेस्टच्या आदल्या रात्री वाचली म्हणून तिच्या आईच्या शिव्या मी खाल्ल्या, असो.

व्हॉट्सॲपवर पाठवायचं असेल तर लांबड लावू नका. मी असं टाकतो: "ताई, पुस्तक पाठवतोय. चार म्हातारे, एक खून, भरपूर विनोद. इंग्रजी सोपंय. पहिली चाळीस पानं बघा, नाही पटलं तर बिनधास्त परत द्या, मला राग नाही." शेवटची लाईन गाळू नका, तिच्यामुळंच माणूस टेन्शन न घेता पुस्तक उघडतो. आणि "वाचलं का, वाचलं का" म्हणून मागं लागू नका, तो गृहपाठ होऊन बसतो. एकावेळी एकच नाव द्या, दहाची लिस्ट कुणी उघडून पण बघत नाही. वयस्कर असतील तर अक्षराची साईज आधी बघा, बारीक छपाईमुळं चांगली चांगली पुस्तकं पडून राहिलेली मी बघितलीत.

त्या काकांना पुढं सहा महिन्यांनी मिलिंद बोकिलांची शाळा ही कादंबरी दिली. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद जोशी, त्याची टोळी आणि ती शिरोडकर. शेवट थोडा चटका लावतो, तेवढं या वेळी आधीच सांगितलं. काका पंचाहत्तर साली नववीतच होते, हे मला नंतर कळालं, रात्री अकराला फोन आला तेव्हा. "अहो, आमच्या वर्गात पण एक होती," म्हणले, आणि पाऊण तास बोलले. पुस्तक अजून त्यांच्याकडंच आहे, मी माझ्यासाठी दुसरी प्रत घेतली.