किडनी काढायचीय: दुर्बिणीतून की ओपन, आणि घरी आल्यावर काय

किडनी काढावी लागेल म्हटलं की घरात पहिला प्रश्न टाके किती पडणार हाच. पण आतलं काम दोन्हीकडे तेच असतं, रक्तवाहिन्या आणि मूत्रवाहिनी बंद करून किडनी बाहेर काढायची, फरक आहे तो आत शिरायच्या वाटेचा.

ओपनमध्ये बरगड्यांखाली कुशीत साधारण १५-२० सेमीचा छेद घेतात, स्नायू कापावे लागतात, कधी बरगडीचा तुकडापण काढतात. दुर्बिणीत पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ३-४ छोटी छिद्रं पाडतात आणि शेवटी किडनी पिशवीत घालून काढायला ५-७ सेमीचा एक छेद, बऱ्याचदा ओटीपोटावर, म्हणजे नुसती छिद्रंच असतात असं नाही. १९९० मध्ये अमेरिकेत डॉ. राल्फ क्लेमन यांच्या टीमने पहिल्यांदा अशी किडनी काढली, आज शक्य तिथे आधी याचाच विचार होतो. पण किडनीतली गाठ खूप मोठी असेल, मोठ्या शिरेत शिरली असेल, किंवा जुन्या इन्फेक्शनमुळे सगळं चिकटलं असेल तर ओपनच सुरक्षित, तिथे दुर्बिणीचा हट्ट अजिबात धरू नका. उलट सर्जनला सरळ विचारा, तुम्ही अशी ऑपरेशन्स किती केलीत, मधेच ओपन करावं लागलं तर तयारी आहे का, आणि गाठ लहान असेल तर पूर्ण किडनी काढायलाच हवी का, कारण लहान गाठीत बरेचदा तेवढाच भाग काढून बाकीची किडनी वाचवता येते.

दुर्बिणीनंतर बहुतेक पेशंट २-३ दिवसांत घरी येतात, ओपनला ५-७ दिवस धरा. कामावर जायला अंदाजे ३-४ आठवडे, ओपनला ६-८, वय आणि काम बघून कमीजास्त. दुर्बिणीनंतर खांदा दुखला तर घाबरू नका, गॅसमुळे होतं, एक-दोन दिवसांत जातं, फक्त सोबत छातीत दुखलं किंवा दम लागला तर लगेच सांगा.

डॉक्टर हो म्हणाले की दुसऱ्या दिवसापासूनच हळूहळू चालवा, पडून राहिलं की पायात रक्ताच्या गाठी व्हायची आणि छातीत कफ साठायची भीती. तीन गोळ्यांचं श्वासाचं यंत्र नर्स सांगेल तसं वापरायचं, त्यात फुंकायचं नाही, हवा आत ओढायची असते. खोकताना उशी पोटाला दाबून धरा, खरंच फरक पडतो. जोर द्यावा लागू नये म्हणून बद्धकोष्ठता होऊ देऊ नका. पाण्याची भरलेली बादली, सिलिंडर, नातवंडं, काहीच उचलायचं नाही, दुर्बिणीवाल्यांनीसुद्धा, कारण बाहेरचे टाके छोटे दिसले तरी आतली जखम भरायला वेळ लागतोच.

आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या पेनकिलर मनाने आणायच्या नाहीत, उरलेल्या किडनीला त्रास होऊ शकतो. सुरुवातीला क्रिएटिनिन (किडनी किती काम करतेय ते दाखवणारी रक्ततपासणी) थोडं वाढलेलं दिसू शकतं, दुसरी किडनी चांगली असेल तर ती काम वाढवते. बीपी, शुगर आणि वर्षातून एकदा तरी क्रिएटिनिन व लघवीतलं प्रोटीन तपासायचं.

थंडी वाजून ताप, जखमेतून पू, पोट फुगून उलट्या, लघवी खूप कमी होणं, एका पायाला सूज, दम लागणं, यातलं काहीही दिसलं तर फॉलोअपच्या तारखेची वाट बघू नका, रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा आणि डिस्चार्ज कार्ड सोबत न्या.