कलौंजीचं तेल : आमच्या घरातली पद्धत

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी एकदा कलौंजी मागितली आणि घरी आणलं कारळं! कारळं लांबट, गुळगुळीत. कलौंजीचा दाणा त्रिकोणी, खरबरीत, चोळला की झणझणीत वास. कांद्याचं बी म्हणतात, पण कांद्याशी नातं नाही.

तेल घाण्याचं, काळ्या बाटलीतलं घ्या; चुलीजवळ ठेवू नका. मी अर्धा चमचा मधात घालून जेवणानंतर घेते. उपाशीपोटी घेतलं तेव्हा दुपारपर्यंत करपट ढेकर! त्वचेला लावायचं तर खोबरेलात मिसळून आधी कोपराच्या आत थेंबभर लावा, दोन दिवस थांबा. मला खाज सुटली, म्हणून मी फक्त पोटात घेते.

या तेलातल्या थायमोक्विनोन नावाच्या घटकावर बरंच संशोधन झालंय. छोट्या चाचण्यांत साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल थोडं उतरलेलं दिसलं. थोडंच हं! नवऱ्याची मधुमेहाची गोळी चालू आहे. सोबत तेल घेतलं तर साखर जास्तच उतरू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना थेंबही देत नाही. रक्त पातळ करणारी वा रक्तदाबाची गोळी असेल तरी तेच. गरोदर बाईने तेल टाळावं, ऑपरेशनआधी दोन आठवडे बंद. लोणच्यातली चिमूटभर कलौंजी मात्र बिनधास्त खा.