घरी जोडलेला पीसी चालू होत नाही? या चुका टाळा

‘सगळं नीट जोडलंय, पण डिस्प्ले येत नाही.’ या वाक्याचा पहिला अर्धा भाग बहुतेक वेळा खोटा निघतो. मुद्दाम कुणी खोटं बोलत नाही. जोडून जोडून डोळे दमलेले असतात आणि अर्धवट बसलेली केबलही पूर्ण बसलेली दिसते. अशा चुका पाच मिनिटांत सापडतात. दिवस खातात त्या नंतरच्या चुका, म्हणजे बिघाड शोधताना केलेल्या.

एकाच वेळी चार गोष्टी बदलणे

नमुन्यादाखल ही जोडणी घ्या: रायझन ५ ७६००, बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबीच्या दोन डीडीआर५ रॅम. बटण दाबलं, पंखे फिरले, मदरबोर्डच्या कडेला ‘डीरॅम’ (म्हणजे रॅम) लिहिलेला बारीक दिवा पेटला. स्क्रीन मात्र काळी. चाळीस सेकंद वाट पाहून बटण दाबून धरलं आणि पीसी बंद केला. पुन्हा चालू केला, पुन्हा तेच. मग एकानं सांगितलं म्हणून रॅमचे स्लॉट बदलले, दुसऱ्यानं सांगितलं म्हणून सीमॉस क्लिअर केलं (म्हणजे मदरबोर्डची साठवलेली सेटिंग पुसली), तिसऱ्याच्या सांगण्यावरून ग्राफिक्स कार्ड काढलं. शेवटी प्रोसेसर उचलून पुन्हा बसवताना तो हातातून निसटला आणि सॉकेटच्या दोन पिना वाकल्या.

आता खरोखरच बिघाड झाला. तोपर्यंत नव्हता.

डीडीआर५ रॅम पहिल्यांदा चालू होते तेव्हा मदरबोर्ड तिचं ट्रेनिंग करतो, म्हणजे त्या रॅमशी कोणत्या टायमिंगवर नीट बोलता येतं ते तपासत बसतो. याला काही मिनिटं लागतात. रॅम जास्त असेल किंवा बायोस (मदरबोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर) जुना असेल तर आणखी वेळ जातो. त्या काळात डीरॅमचा दिवा पेटलेला आणि स्क्रीन काळी, हेच अपेक्षित असतं. मधेच वीज तोडली, रॅमची जागा बदलली किंवा सीमॉस पुसलं की ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे वरचा जवळजवळ प्रत्येक ‘उपाय’ त्या बिचाऱ्या मदरबोर्डला परत पहिलीच्या वर्गात बसवत होता.

म्हणून पहिल्यांदा बटण दाबल्यावर पंधरा मिनिटं पीसीला हात लावायचा नाही. हे ज्यांना जमत नाही त्यांनी तयार पीसी घ्यावा. त्यानंतरही स्क्रीन काळीच राहिली तर जोडणी कमीत कमी भागांवर आणायची: प्रोसेसर, कूलर आणि एकच रॅम. ती प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या स्लॉटात, ज्याच्या बाजूला बहुतेक बोर्डांवर ए२ लिहिलेलं असतं. प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स असेल तर कार्डही बाहेर. मग एक बदल करायचा, निकाल पाहायचा, कागदावर एक ओळ लिहायची आणि मगच पुढचा बदल. कागदाचा कंटाळा करणारे तासाभरानं तीच रॅम त्याच स्लॉटात तिसऱ्यांदा लावताना दिसतात.

कडेचे चार दिवे वाचायला शिका: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (विंडोज असलेली डिस्क). यांतल्या कुठल्या दिव्यावर गाडी अडते, तिथून शोध सुरू होतो. एसएसडी लावलेलीच नसेल आणि बूटचा दिवा पेटला असेल तर तो बिघाड नव्हे. बाकी सगळं पास झाल्याची ती पावती आहे.

सीमॉसबद्दलही एक. मदरबोर्डवरचा नुसता सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल काढून भागत नाही, कारण वायर लावलेली असताना एसएमपीएसचा (पीसीला वीज देणाऱ्या डब्याचा) ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा चालू असतो आणि सेटिंग तसंच राहतं. एसएमपीएसचा स्विच बंद, वायर भिंतीतून बाहेर, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून उरलेला चार्ज घालवायचा, मग सेल काढून पाच मिनिटं थांबायचं.

नव्या एसएमपीएसला जुन्या केबल

ही चूक पाहिली की खरंच चिडचिड होते, कारण ती निस्तरता येत नाही. ५५० वॅटचा मॉड्युलर (केबल काढता येणारा) एसएमपीएस काढून ७५० वॅटचा घ्यायचा असतो. आधीच्या केबल कॅबिनेटच्या मागून छान बांधून ठेवलेल्या. त्या कोण सोडणार? म्हणून एसएमपीएसकडची टोकं तेवढी काढून नव्यात खोचली. बसली की! बटण दाबलं आणि दोन हार्ड डिस्क आणि एक एसएसडी एका क्षणात गेल्या. धूर नाही, आवाज नाही, बायोसमध्ये फक्त नावं दिसेनाशी झाली.

केबलचं जे टोक मदरबोर्डला, कार्डाला किंवा डिस्कला लागतं, ते ठरलेल्या मापाचं आणि ठरलेल्या क्रमाचं असतं. एसएमपीएसकडच्या टोकाला असा कुठलाही समान नियम नाही. कंपनी आपल्या सोयीनं पिना लावते. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही क्रम वेगळा असू शकतो. त्यामुळे डिस्कला वीज देणाऱ्या साटाच्या केबलमध्ये ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट आले की डिस्कच्या सर्किटचं काम तमाम. जुना एसएमपीएस निघाला की त्याच्या सगळ्या केबल त्याच्याबरोबर, त्याच्याच पिशवीत गेल्या पाहिजेत. मल्टिमीटरनं एकेक पिन तपासून जुनी केबल वापरता येते, पण ज्याला ते नीट जमतं तो मुळात असला उद्योग करत नाही.

याचंच छोटं भावंड: प्रोसेसरची आठ पिनांची केबल आणि ग्राफिक्स कार्डाची आठ पिनांची केबल. पहिली ४ अधिक ४ अशी फुटते, दुसरी ६ अधिक २ अशी. दिसायला सारख्या असल्या तरी एकीत जिथे १२ व्होल्ट तिथे दुसरीत ग्राउंड असतो. कनेक्टरचे आकार मुद्दाम वेगळे ठेवलेत. जोर लावावा लागतोय म्हणजे केबल चुकलीय.

बाकीच्या, पटापट

ग्राफिक्स कार्ड लावलंय आणि मॉनिटरची वायर मदरबोर्डच्या एचडीएमआयमध्ये. हसू नका, रोजचं आहे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ आहे त्यांना, आणि रायझन ५ ५६०० सारख्यांना, स्वतःचं ग्राफिक्सच नसतं. तिथे बोर्डाच्या पोर्टातून कधीच काही येणार नाही.

प्रोसेसरची केबल विसरणे. पंखे मस्त फिरतात, बाकी शांतता.

२४ पिनांचा कनेक्टर अर्धाच बसणे. खटका अडकल्याचा ‘टक’ ऐकू आला पाहिजे.

कूलरच्या तळाचं प्लॅस्टिक तसंच ठेवणे. बायोसमध्ये नुसतं बसूनही तापमान भराभर नव्वदीकडे चढत असेल तर आधी तिथे बघा.

कॅबिनेटमध्ये एखादा पितळी स्टँडऑफ (बोर्ड टेकवायचा छोटा खांब) जास्तीचा राहणे. बोर्डाला जिथे भोक नाही तिथे तो मागून टेकतो आणि शॉर्ट होतो. शंका आली तर बोर्ड बाहेर काढून त्याच्याच खोक्यावर ठेवून चालवा. बटण नसलं तरी अडत नाही: ‘पीडब्ल्यूआर एसडब्ल्यू’ लिहिलेल्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं की झालं.

रॅमचा एक्सएमपी किंवा एक्स्पो (बायोसमधली जास्त वेगाची तयार सेटिंग) लावून मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्राम, न चालवणे. रात्रभर चालवा. एक एरर आली तरी नापास; ‘एकच आलीय’ असं काही नसतं. डीडीआर५ च्या चार रॅम ६००० च्या वेगावर चालवायचा हट्टही नको. रायझन ७००० मालिकेला चार रॅमवर एएमडीची अधिकृत मर्यादा ३६०० ची आहे.

‘कर्नल पॉवर ४१ आलाय, म्हणजे एसएमपीएस गेला’

नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधली ४१ ची नोंद एवढंच सांगते की मागच्या वेळी पीसी नीट शटडाउन झाला नव्हता. वीज गेली, हँग झाला, कुणी बटण दाबून धरलं, या सगळ्याला हीच नोंद येते. तीही पुढच्या वेळी चालू झाल्यावर. नोंदीचा तपशील उघडून ‘बगचेककोड’ (ब्लू स्क्रीनच्या कारणाचा क्रमांक) बघा. तिथे शून्य असेल तर पीसी ब्लू स्क्रीनची नोंद करायच्या आतच बंद पडला किंवा अडकला. शून्य नसेल तर तो आकडा दशमानात असतो, तो हेक्समध्ये (१६ च्या पायाच्या मोजणीत) बदला: १५९ म्हणजे ९एफ, आणि ही ड्रायव्हरची भानगड असते. तिथे नवा एसएमपीएस आणून काही उपयोग नाही. मागेपुढे ‘डब्ल्यूएचईए लॉगर’ची नोंद दिसली तर ती जास्त कामाची, कारण हार्डवेअरनं स्वतः केलेली तक्रार तिथे असते.

जाणकाराला विचारायचं असेल तर ‘पीसी चालत नाही’ एवढ्यावर कुणीही काही सांगू शकत नाही. प्रत्येक भागाचं खोक्यावरचं पूर्ण मॉडेल, बायोसची आवृत्ती, पंखे फिरतात का, कुठला दिवा पेटून राहतो, शेवटचा बदल कोणता केला आणि त्या कागदावरच्या ओळी, हे सगळं द्या. चौघांनी चार उपाय सांगितले तर त्यातला फुकटचा आणि उलटा फिरवता येणारा आधी करून बघा. बायोस अपडेट शेवटी. याला एकच अपवाद: प्रोसेसर बोर्डापेक्षा नवा असेल, उदाहरणार्थ जुन्या बी४५० वर रायझन ५०००, तर बायोस अपडेटशिवाय तो चालूच होणार नाही. बोर्डाला फ्लॅशबॅकचं (पेन ड्राइव्हवरून बायोस अपडेट करायचं) बटण असेल तर पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, फाइलला मॅन्युअलमध्ये दिलेलं नेमकं नाव द्या, आणि दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत पेन ड्राइव्हला हात लावू नका.