रॉ डेनिमची जीन्स: धुणं, वाळवणं आणि वेळेवर रफू

रॉ डेनिम म्हणजे विणल्यावर एकदाही न धुतलेलं कापड. उभे धागे निळीत रंगवलेले, आडवे पांढरे, आणि विणण्याआधी उभ्या धाग्यांवर चढवलेली खळ अजून जशीच्या तशी. नवी जीन्स पुठ्ठ्यासारखी ताठ लागते ती या खळीमुळे. निळीचा रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही, वरच्या थरातच बसतो. घासून तो थर गेला की आतलं पांढरं सूत उघडं पडतं. मांडीवरच्या फिक्या रेषा, गुडघ्यामागची जाळी, खिशावर उमटलेली मोबाइलची चौकट, सगळं यातूनच येतं.

या खुणा ठळक उठाव्यात म्हणून अनेक जण वर्षभर जीन्स धुवत नाहीत. मग ती आसनात, म्हणजे दोन्ही पाय वर जिथे जुळतात तिथे, फाटते. घाम, अंगाचं तेल आणि बारीक धूळ धाग्यांत अडकून राहते आणि प्रत्येक पावलाला सूत आतून घासत राहते. रंग की कापड असा प्रश्न आला तर कापड वाचवा. रंग तसाही हळूहळू उतरणारच आहे.

पहिली भिजवण

आधी लेबल पाहा. सॅन्फराइज्ड, म्हणजे कारखान्यातच आकसवून घेतलेलं कापड साधारण १ ते ३ टक्के आटतं. तसं न केलेलं कापड ७ ते १० टक्के आटू शकतं, म्हणजे पायाची आतली शिवण ३४ इंच असेल तर अडीच ते तीन इंच सहज जातात. अशी जीन्स न भिजवता खालून कापून घेतली तर पुढे ती घोट्याच्या वर येते. उंची नेहमी भिजवून, वाळवून झाल्यावरच ठरवा.

न आकसवलेल्या जीन्सची सगळी बटणं लावा, ती उलटी करा आणि ५० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात पाऊण तास पूर्ण बुडवून ठेवा. हवा अडकून भाग वर येतात, त्यावर वजन ठेवा. बुडालेला भाग आटतो आणि वर राहिलेला आटत नाही, मग पाय वेडावाकडा दिसतो. सॅन्फराइज्ड जीन्सला ही भिजवण सक्तीची नाही, पण उंची कमी करायची असेल तर कोमट पाण्यात एकदा भिजवून घ्याच.

कंबर घट्ट वाटली तर घाबरू नका, वापराने ती साधारण इंचभर सैल होते. आसनात मात्र सैल जीन्स घेऊ नये. लोंबणारं कापड मांड्यांमध्ये जास्त घासतं.

धुणं

रोज वापर असेल तर पहिलं धुणं दोन-तीन महिन्यांनी, घाम फार येत असेल तर महिना-सव्वा महिन्याने. वास आला किंवा कापड हाताला तेलकट लागलं की दिवस मोजत बसू नका. फ्रीझरमध्ये ठेवून जीन्स स्वच्छ होत नाही. थंडीने बरेच जंतू मरत नाहीत, आणि तेल-मळ तर जागचा हलत नाही.

टबात जीन्स बुडेल इतकं गार किंवा कोमट पाणी घ्या, ३० अंशांच्या वर नको. दहा लिटरला एक मोठा चमचा सौम्य लिक्विड डिटर्जंट पुरे. ब्लीच नको, आणि कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून चमक आणणारी रसायनं घातलेली पावडरही नको. जीन्स उलटी करून, बटणं लावून अर्धा तास बुडवा, हाताने हलकेच दाबा, आसन आणि कंबरपट्टीकडे जरा जास्त लक्ष द्या. ब्रश लावू नका. मग फेस जाईपर्यंत दोन-तीनदा खळबळा. पाणी निळं होणारच. मीठ किंवा व्हिनेगर टाकून नीळ पक्की होत नाही, ती सूताला चिकटलेली असते आणि घासल्यावर सुटते.

मशीनच वापरायचं असेल तर जीन्स एकटीच टाका, गार पाणी, सर्वांत सौम्य सायकल, फिरकी कमीत कमी. चुरगळलेली ओली जीन्स जोरात फिरली की घडीच्या कडांवर पांढरट चरे उठतात. ते नंतर जात नाहीत.

पिळू नका. टबाच्या काठावर निथळू द्या, शिवणी हाताने सरळ ओढा आणि उलटीच, सावलीत, वारा लागेल अशी टांगा. खालच्या दुमडीला चिमटे लावून टांगली तर कंबरेच्या वजनाने पाय सरळ राहतात. खिशांचं अस्तर आणि कंबरपट्टी सर्वांत शेवटी सुकते, ती दमट असताना घडी घातली तर कुबट वास धरते. ड्रायर टाळा.

पहिले काही महिने फिका सोफा, पांढरे बूट आणि कातडी बॅग जपा. कोरड्या घर्षणानेही नीळ लागते, आणि कापड ओलं असेल तर जास्तच.

विरलेलं कापड

महिन्यातून एकदा आसनाचा भाग उजेडासमोर धरा. चार शिवणी जिथे मिळतात त्याच्या आजूबाजूला कापड मऊ, लवदार झालं असेल आणि आडवे पांढरे धागे मोकळे दिसत असतील, तर रफूची वेळ झाली. भोक पडेपर्यंत थांबलात तर उभे धागे तुटलेले असतात आणि टाके धरायला काही उरत नाही.

आधी जीन्स धुवा, मळक्या कापडावर रफू टिकत नाही. आतून पातळ, मऊ, आधीच धुतलेल्या सुती कापडाचं ठिगळ लावा, विरलेल्या भागापेक्षा चारही बाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर मोठं. जाड ठिगळ लावलं तर त्याच्याच कडेला नवी चीर पडते. मशीनला १०० नंबरची जीन्सची सुई, टाका दोन-अडीच मिलिमीटर. उभ्या धाग्यांच्या दिशेने पुढे-मागे जवळजवळ रेघा शिवा. प्रत्येक रेघ वेगळ्या उंचीवर थांबवा, नाहीतर सगळा ताण एका ओळीवर येतो. दोऱ्याचा रंग कापडाच्या आजच्या रंगाशी जुळवा, जीन्स नवी असतानाच्या रंगाशी नको.

काजाचे सुटलेले धागे ओढू नका, कात्रीने कापून काज हाताने पुन्हा भरून घ्या. खालची दुमड साखळी टाक्याची असेल तर एक टाका तुटला तरी पूर्ण शिवण उसवत जाऊ शकते, म्हणून दोऱ्याचं सुटं टोक दिसताच गाठ मारा. आणि जीन्स चढवताना पट्ट्याच्या लुपांना धरून ओढू नका. लूप तुटतो तेव्हा बरेचदा खालच्या कापडाचा तुकडाही घेऊन जातो, आणि कंबरपट्टीवरचं ते भोक बुजवणं आसनाच्या रफूपेक्षा अवघड असतं.