लिनक्सवर नेटवर्कचं सेटिंग टिकत नाही? या चुका टाळा

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात उबुंटूवर (लिनक्सचाच एक प्रकार) बिलिंग चालतं. लाईट जाऊन आली की त्या कॉम्प्युटरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, बदलायचा आणि दिवाणजींचा फोन यायचा, ‘सर, परत बंद पडलं हो.’ मी जायचो, टर्मिनलमध्ये ‘आयपी अ‍ॅड्रेस अ‍ॅड’ मारायचो, चहा पिऊन परत. तीनदा झालं हे. पालथ्या घड्यावर पाणी!

चूक माझीच. या कमांडने दिलेला पत्ता फक्त चालू कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, मेमरीत राहतो. कच्च्या रंगाची चादर पहिल्या धुण्यात उतरते, तसा हा पहिल्या रीस्टार्टला जातो.

आधी बघायचं ते नेटवर्कचा कारभारी कोण. डेस्कटॉपवर बहुधा नेटवर्कमॅनेजर असतो. त्याच्या ‘एनएमसीएलआय डिव्हाइस स्टेटस’ या कमांडला नेटवर्क कार्डापुढे ‘अनमॅनेज्ड’ दिसलं तर कारभार दुसऱ्याकडे आहे. नेटवर्कमॅनेजरच असेल तर ‘एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय’ने पत्ता, गेटवे (राउटरचा पत्ता), डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारा सर्व्हर) द्या, मेथड ‘मॅन्युअल’ करा आणि मग ‘कनेक्शन अप’. मेथड ‘ऑटो’च ठेवली तर डीएचसीपीचा, म्हणजे राउटरने आपोआप वाटलेला, पत्ताही सोबत येत राहतो. ‘डिव्हाइस मॉडिफाय’ दिसायला तसंच, पण तात्पुरतं. कनेक्शनच्या प्रोफाइलची फाइल दुसरीकडून कॉपी केली असेल तर मालक रूट (मुख्य अ‍ॅडमिन) आणि परमिशन ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) हवी. नाहीतर ती वाचलीच जात नाही.

डीएनएससाठी रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ या फाइलमध्ये हाताने लिहू नका. उबुंटूत ती नुसती लिंक असते; खरी फाइल ‘रन’मध्ये, म्हणजे रॅममध्ये. काही जण लिंक काढून साधी फाइल ठेवतात आणि ‘चॅटर’ कमांडने तिला कुलूप लावतात. मला ते पटत नाही. राउटर बदलल्यावर कुलूप कोणी लावलं, हे कुणालाच आठवत नसतं.

उबुंटूच्या सर्व्हरवर नेटवर्कचं सेटिंग नेटप्लॅनच्या फाइलींत असतं. तिथे ‘५०-क्लाउड-इनिट’ नावाची फाइल दिसली तर सावध राहा, क्लाउड-इनिट (मशीन सुरू होताना सेटिंग करणारा प्रोग्राम) ती पुन्हा लिहू शकतं; आधी त्याचं नेटवर्कचं काम बंद करा. या फाइलींच्या याम्ल फॉरमॅटमध्ये टॅब चालत नाही, स्पेसच. आणि थेट ‘अप्लाय’ करण्यापेक्षा ‘नेटप्लॅन ट्राय’ बरं: १२० सेकंदांत एंटर दाबला नाही तर जुनं सेटिंग परत येतं. दूर बसून काम करणाऱ्यांचा जीव यानेच वाचतो.

पत्ता मात्र राउटरच्या डीएचसीपी रेंजबाहेरचा घ्या. नाहीतर एक दिवस मालकांच्या मोबाइललाच तो मिळतो आणि बिलिंग पुन्हा बंद.