पैसा एका कामाचा, रस्ते सतरा : आधी कुठला करायचा?

आमच्याकडे कोकणात ग्रामसभेत दरवेळी तेच, वरच्या वाडीला डांबर हवं, खालच्यांना साकव (ओढ्यावरचा छोटा पूल), आंबावाल्यांना एप्रिलच्या आत बागेपर्यंत टेम्पो जायला हवा आणि मुंबईकरांना गणपतीआधी देवळापर्यंत गाडी. सगळ्यांचंच बरोबर असतं हो, पण पैसे एकाच कामाचे.

तर आधी कागदावर रेघा मारून नकाशा काढा, वाड्या, दवाखाना, शाळा, एसटीचा थांबा. मग एकेक रेघ खोडून बघा, ही बंद पडली तर कोण अडकतं आणि वळसा किती पडतो. वळसाच नाही तिथे लाल खूण. इथे एक गोची आहे, पर्याय तोच खरा जो त्याच पावसात बंद पडत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा वाशिष्ठी नदीने हायवे पण अडवला आणि कोकण रेल्वे पण, म्हणजे कागदावर दोन वाटा होत्या आणि त्या दिवशी एकही नाही.

आता कामांची तुलना. जे काम खर्चात, वेळेत, सुरक्षिततेत कशातच दुसऱ्यापेक्षा सरस नाही ते सरळ काढून टाका, यादी बरीच आटते. उरलेल्यांचा तक्ता करा, पाऊस साधा आणि पाऊस २०२१ सारखा. समजा रस्त्याखालची पाणी जायची मोरी उंच केली तर साध्या पावसात वाडी १ दिवस तुटते, मोठ्यात १५. दरडीला भिंत घातली तर साध्यात ४, मोठ्यात ८. पाऊस कुठला येणार कोणालाच माहीत नाही, म्हणून चुकलो तर पस्तावा किती ते बघायचं. भिंत घेऊन चुकलात, म्हणजे पाऊस साधाच आला, तर ३ दिवसांचा (४ वजा १), मोरी घेऊन चुकलात, म्हणजे मोठा आला, तर ७ चा (१५ वजा ८). मी भिंत घेईन. पण मोठा पाऊस पन्नास वर्षांतून एकदाच असं कोणी पटवून दिलं तर मोरी, वाद तिथे घाला.

कामं सुटी मोजू नका बरं का, साकव झाला आणि पुढची पाखाडी (वाडीची पायवाट) चिखलातच राहिली तर साकवाचा उपयोग शून्य, एकाच वाटेवरची कामं जोडीनेच धरा. आणि सगळं बांधूनच होतं असं नाही, कोकण रेल्वे पावसाळ्यात वेगळं टाइमटेबल लावून गाड्या हळू चालवते, तसं जूनआधी गटारं उपसून ठेवली आणि दरडीच्या वळणावर रात्री माणूस बसवला तरी बरेच दिवस वाचतात.

आजारी माणूस आधी की आंबा आधी, हे मात्र तक्ता सांगत नाही, ते सभेतच भांडून ठरवा, टेंडर निघायच्या आधी.